घरभेटीला निघण्यापूर्वी: नाशिक जिल्ह्यात कम्युनिटी पोस्टिंगला (गावा-वस्तीतल्या प्रत्यक्ष कामाला) जाणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी

कॉलेजच्या डेमो रूममध्ये नळाला पाणी असतं, टेबल असतं आणि पुतळा तक्रार करत नाही. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर किंवा नाशिक शहरातल्या सातपूरच्या कामगार वस्तीत एका खोलीच्या घरात एक खाट, एक हंडा आणि दारात जमलेली चार पोरं असतात. तपासणी मात्र तीच करायची असते आणि आकडाही खराच यायला हवा. तो आकडा तालुक्याच्या अहवालात जातोच. त्याआधी समोरची बाई आज घरी राहील की दवाखान्यात जाईल, हे त्याच्यावर ठरतं. त्यामुळे इथे जास्त जागा दोन भेटींना दिली आहे: गरोदर बाईची आणि बाळंतीण-बाळाची. बाकीच्या गोष्टी थोडक्यात.

१. आपण कुठे जातोय ते आधी समजून घ्या

सपाटीवर साधारण ५००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. आदिवासी आणि डोंगरी भागात हेच निकष ३००० आणि २०,००० असे आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण, इगतपुरी या बाजूला आकडा लहान असला तरी पाडे विखुरलेले असतात, म्हणून दिवसाला दोन-तीन घरांपेक्षा जास्त ठरवू नका. निफाड, सिन्नर, येवला इकडे घरं जवळजवळ असतात, पण माणसं शेतात असतात.

वेळ साधणं हे निम्मं काम आहे. पावसाळ्यात भाताच्या आवणीच्या (लावणीच्या) दिवसांत दुपारी पाड्यावर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच सापडतात. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात. यादीत नाव असतं आणि घराला कुलूप. अशा वेळी ‘घर बंद’ एवढंच लिहून परत फिरू नका. कुठल्या गावाच्या बागेवर गेलेत ते शेजारी विचारून आरोग्य सेविकेला सांगा, म्हणजे तिकडच्या उपकेंद्राला कळवता येतं. शहरात सातपूर-अंबडला शिफ्ट विचारा. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाचं दार सकाळी दहाला वाजवलं तर पुढच्या भेटीला ते उघडणार नाही. आठवडे बाजाराचा दिवस टाळा. एसटीचा परतीचा शेवटचा फेरा किती वाजता, हे उतरल्या उतरल्या कंडक्टरलाच विचारून ठेवा.

पहिल्या दिवशी आशाताईंना सोबत घ्या. तुमचा पांढरा कोट जी दारं बंद करतो, ती त्यांच्या हाकेने उघडतात.

२. कागद आणि सामान

कागद:
- कॉलेजचं पत्र: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे, पोस्टिंगच्या तारखांसह. एक प्रत स्वतःजवळ ठेवा.
- ओळखपत्र, लॉगबुक, फॅमिली फोल्डरचे (कुटुंबाच्या आरोग्य-नोंदींच्या फाइलचे) कोरे फॉर्म.
- हिपॅटायटिस बी लसीच्या तीन डोसांची नोंद (०, १ आणि ६ महिने). डोस बाकी असतील तर पोस्टिंगआधी सुरू करा.
- उपकेंद्र, आरोग्य केंद्र आणि पर्यवेक्षक मॅडम यांचे नंबर कागदावर लिहिलेले. डोंगरात मोबाइलची बॅटरी आणि रेंज दोन्ही दगा देतात.

बॅगेत: साबण आणि साबणदाणी, दोन लहान टॉवेल, प्लास्टिकचा एप्रन, जुनी वर्तमानपत्रं, बीपीचं यंत्र, स्टेथोस्कोप, दोन डिजिटल थर्मामीटर (एक फक्त बाळासाठी), फीटोस्कोप (पोटावरून बाळाचे ठोके ऐकायचं साधन), मोजपट्टी, दंडघेराची पट्टी, हिमोग्लोबिन तपासायचं साहित्य, लघवी तपासायच्या पट्ट्या, बाळाचा झोळीचा वजनकाटा, ग्लोव्हज, निर्जंतुक कापूस-गॉझ, स्पिरिट, सुया टाकायचा न भोसकणारा डबा, कचऱ्यासाठी पिशव्या आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. मोबाइलवर श्वास मोजायला जाल तर मध्येच स्क्रीन बंद होते.

निघण्याआधी बीपीच्या यंत्राचा काटा शून्यावर आहे का आणि पट्ट्यांची मुदत संपली नाही ना, हे बघा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण सैल राहिलं की दमटपणाने त्यांचा रंग चुकतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात हे हमखास होतं.

३. बॅग टेक्निक: क्रम मोडायचा नाही

बॅगेचा आतला भाग स्वच्छ, बाहेरचा अस्वच्छ, एवढं धरलं की पुढचा क्रम आपोआप सुचतो.

१) बॅग जमिनीवर किंवा अंथरुणावर ठेवू नका. खाट, पाट, ओटा, जे मिळेल त्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवा. पोरं आणि कोंबड्या पोहोचणार नाहीत अशी जागा बघा.
२) बॅग उघडून फक्त साबण आणि टॉवेल काढा. कुणाला तरी तांब्याने पाणी घालायला सांगून हात धुवा. भांड्यात हात बुडवून धुतलेले चालत नाहीत.
३) एप्रन घाला. मग या भेटीला लागणारं सगळं सामान एकदाच बाहेर काढून दुसऱ्या कागदावर मांडा आणि बॅग बंद करा.
४) तपासणी करा. मध्येच काही राहिलं असं लक्षात आलं तर आधी हात धुवा, मग बॅगेत हात घाला.
५) झाल्यावर थर्मामीटर, स्टेथोस्कोप स्पिरिटने पुसा, हात धुवा, सामान आत ठेवा, एप्रनची बाहेरची बाजू आत घडी करून ठेवा. खालचा कागदही मळकी बाजू आत घेऊन घडी करा.

लॅन्सेट (बोट टोचायचं पातं) आणि सुया डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल पिशवीत. हे सगळं उपकेंद्रावर परत न्यायचं; त्या घराच्या चुलीत किंवा उकिरड्यावर काहीही टाकायचं नाही. सुई टोचलीच तर जखम दाबू नका, तोंडात बोट घालू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या लागल्या तर त्या शक्यतो दोन तासांत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. परीक्षेत मार्क जातील या भीतीने हे लपवणारे विद्यार्थी दर बॅचला असतात. तसं करू नका.

४. आधी बसा, मग बोला

आत गेल्यावर सासूबाईंशी किंवा घरातल्या मोठ्या बाईशी आधी बोला: ‘आजी, वहिनींची तपासणी करायला आलोय, करू का?’ परवानगी तिथूनच मिळते. पाणी, चहा दिला तर घ्या. तेवढ्यात त्या गरोदर बाईला पाच मिनिटं शांत बसायला मिळतात आणि बीपीसाठी ती हवीच असतात. खाजगी प्रश्न (आधीचा गर्भपात, अंगावरून जाणं, मारहाण) सगळ्यांसमोर विचारू नका. पोट तपासण्याच्या निमित्ताने आडोसा होतो, तेव्हा विचारा.

पाळीची शेवटची तारीख विचारल्यावर ‘आठवत नाही’ हेच उत्तर बहुतेकदा येतं. मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. पोळ्याच्या आधी की नंतर? वणीच्या चैत्र यात्रेला गेलात तेव्हा पाळी होऊन गेली होती का? असं करत आठवड्यापर्यंत पोहोचता येतं. विचारायचा तो पाळीचा पहिला दिवस. काही जणी संपल्याचा दिवस सांगतात. पहिल्या दिवसाच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा: १० जूनची पाळी असेल तर १७ मार्च ही अपेक्षित तारीख. माता बाल संरक्षण कार्डावर आधीच तारीख असेल तर ती न तपासता उतरवून घेऊ नका आणि सोनोग्राफीची चिठ्ठी असेल तर तीही बघा.

५. गरोदर बाईची तपासणी

*बीपी.* विद्यार्थ्यांचे सर्वांत जास्त चुकीचे आकडे इथे येतात. चहा घेतला असेल तर बीपीआधी अर्धा तास जाऊ द्या. तोवर वजन, लघवी आणि कागद उरका. लघवीला जाऊन आलेली असावी. पाठ भिंतीला टेकलेली, पाय मोकळे आणि जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत आणि टेकलेला असावा. हात लोंबकळत ठेवला की आकडा वर जातो. बाही गुंडाळून दंडाला आवळली तर तीही बाधते. साडीचं ब्लाउज तंग असेल तर आडोशाला बाहीतून हात काढायला सांगा. कफची (यंत्राच्या दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची) खालची कड कोपराच्या घडीच्या २ ते ३ सेंटीमीटर वर ठेवा. दंड जाड असेल आणि कफ लहान पडत असेल तर आकडा खोटाच जास्त येणार.

आधी मनगटाची नाडी धरून हवा भरा. नाडी हरवते त्याच्या ३० वर जा आणि सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या गतीने सोडा. पहिला ठोका तो वरचा, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. १२०/८० अशी गोल नोंद करायची सवय लागली की वाढ कधी सुरू झाली ते कार्डावर दिसतच नाही. यंत्रावर ११८ दिसलं तर ११८ लिहा.

१४०/९० किंवा त्यावर आलं तर पुन्हा मोजा, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) तपासा आणि आरोग्य सेविकेला तिथूनच फोन करा. १६०/११० आलं, किंवा बीपी वाढलेलं असताना डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणं असेल, तर बाकीची तपासणी सोडून गाडी बोलवा.

*वजन.* काटा सपाट फरशीवर ठेवा. शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर किलोभराचा फरक सहज पडतो. चपला काढायला सांगा आणि मागच्या वेळी कुठल्या काट्यावर केलं ते विचारा. पहिले तीन महिने सरल्यावर महिन्याला साधारण दोन किलो वाढ अपेक्षित असते. एका महिन्यात तीन किलोंवर वाढलं तर बाई अंगाने भरली म्हणून खूश होऊ नका; आधी बीपी आणि सूज बघा.

*हिमोग्लोबिन.* उपकेंद्रात आता डिजिटल यंत्र असतं, पण साहलीची (रंग जुळवून मोजायची) पद्धत परीक्षेत येते आणि यंत्र बंद पडलं की उपयोगीही पडते. नळीत एन/१० हायड्रोक्लोरिक अॅसिड खालच्या खुणेपर्यंत घ्या. बोटाच्या बाजूला टोचा, पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या. बोट पिळलं की रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. पिपेटमध्ये २० मायक्रोलिटर, बुडबुडा नको. अॅसिडमध्ये मिसळून दहा मिनिटं थांबा, मग थेंब-थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत साहलीच्या यंत्रातल्या काचेशी रंग जुळवा. घाईने पाच मिनिटांत वाचलं तर हिमोग्लोबिन कमी दिसतं. ट्यूबलाइटखाली किंवा अंधाऱ्या घरात रंग जुळवू नका, दारात उजेडात या.

गरोदरपणात ११ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. तीव्र रक्तक्षय घरी गोळ्यांवर सोडायचा नाही, तो दवाखान्याचा विषय आहे.

*लघवी.* पट्टी नसेल तर उष्णतेची परीक्षा करा: परीक्षानळी पाऊण भरा, वरचा तिसरा भाग तापवा, गढूळ झाली तर २-३ थेंब अॅसेटिक अॅसिड टाका. गढूळपणा गेला तर ते फॉस्फेट, राहिला तर अल्ब्युमिन. अंगावरून पांढरं जात असेल तर नमुन्यात तेच मिसळून खोटं अल्ब्युमिन दिसतं. आधी पाण्याने धुऊन मधल्या धारेची लघवी घ्यायला सांगा.

*पोट.* मूत्राशय रिकामं, गुडघे थोडे दुमडलेले, तुमचे हात गरम. फार वेळ उताणं झोपवू नका. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाच्या दाबाने चक्कर येते, आली तर डाव्या कुशीवर वळवा. १२ आठवड्यांना गर्भाशय जांघेच्या हाडाच्या वर जेमतेम लागतं, २४ ला बेंबीच्या पातळीत, ३६ ला छातीच्या हाडाच्या टोकाशी. २४ नंतर टेपने मोजलेले सेंटीमीटर आणि आठवडे साधारण जुळतात. मोठी तफावत आली तर आधी पाळीची तारीख पुन्हा विचारा.

फीटोस्कोप लावताना दुसऱ्या हाताने आईची नाडी धरा. दोन्ही एका तालात असतील तर तुम्ही आईचंच रक्त ऐकताय. बाळाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजा: ११० ते १६०. सरकारी पुस्तिकेत १२० ते १६० दिलंय. परीक्षेत तुमचे शिक्षक सांगतील ते लिहा, पण ११५ आलं तर सेविकेला सांगायला विसरू नका.

६. गोळ्या दिल्या म्हणजे खाल्ल्या असं नाही

चौथ्या महिन्यापासून लोहाची (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड) रोज एक गोळी १८० दिवस, बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. मध्यम रक्तक्षय असेल तर रोज दोन. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणासोबत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की लोह नीट शोषलं जात नाही, त्यामुळे दोन तासांचं अंतर हवं. चहाचंही तेच. जंताची अल्बेंडॅझोलची एक गोळी दुसऱ्या तिमाहीत, पहिल्या तिमाहीत नाही.

‘गोळ्या घेता ना?’ याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘पाकीट दाखवा ना ताई’ म्हणा आणि रिकाम्या जागा मोजा. शौचाचा रंग काळा झाला का, हेही विचारता येतं. मळमळते म्हणून बंद केल्या असतील तर रात्री झोपताना घ्यायला सांगा. ‘गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं’ ही समजूत अनेक घरांत आहे; ती हसण्यावारी नेली तर पाकीट गादीखाली जातं. नागलीची (नाचणीची) भाकरी कॅल्शियमसाठी उत्तम, पण तिच्यावर गोळी टाळता येत नाही, हेही सांगा.

बागेत काम करणाऱ्या बाईला फवारणीच्या दिवशी कुठे असता, ते विचारा. फवारलेल्या बागेत लगेच शिरणं, फवारणीचं औषध लागलेले कपडे घरच्या कपड्यांत धुणं आणि त्या औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरणं या तीन गोष्टींना ठळकपणे मनाई करून या.

७. बाळंतीण आणि बाळ

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात; घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक जास्त. त्यांच्यासोबत जा.

बाळाला हात लावण्याआधी हात धुवा आणि कोरडे करा. पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. बाळ झोपलेलं असेल तर आधी श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, पोटाकडे बघून. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो. ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर वेगवान श्वास समजायचा. मग छाती आत ओढली जाते का ते बघा. त्यानंतर काखेत तापमान, मग बेंबी, त्वचा, डोळे आणि वजन सर्वांत शेवटी, कारण त्यासाठी कपडे काढावे लागतात.

तापमान ३६.५ ते ३७.४ अंश सेल्सिअस हवं. निफाडच्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, हे ३६ च्या खाली सहज जातं. तळपाय थंड लागले तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी, टोपी-मोजे घालून, वरून पांघरूण घेऊन ठेवा आणि तासाभराने पुन्हा मोजा. शेगडी किंवा धुरी जवळ ठेवू देऊ नका. ३५.५ पेक्षा कमी किंवा ३७.५ आणि वर असेल तर रेफर (पुढच्या दवाखान्यात पाठवायचं).

वजनाचा काटा रिकाम्या झोळीसह शून्यावर आणा. पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट चालते. दोन आठवड्यांत ती भरून निघायला हवी. २५०० ग्रॅमच्या खाली कमी वजन. १८०० च्या खालचं बाळ घरी दिसलं तर लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

बेंबीला काही लावायचं नाही: राख, हळद, तेल, पावडर, काहीच नाही. भोवतीची त्वचा लाल किंवा पू असेल तर रेफर. तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा आला, बाळ प्यायचं थांबलं, आचके आले किंवा अंग लुळं पडलं तर वजनासाठी थांबू नका. गुटी, मध, साखरपाणी आणि काजळ यांबद्दल आजीशी वाद घालू नका. बाळ छातीला लावून दूध पिताना दाखवा आणि दिवसाला सहा-सात वेळा लघवी झाली म्हणजे दूध पुरतंय, हे मोजायला आजींनाच सांगा.

आईला विसरायचं नाही. सगळं घर बाळाभोवती जमतं आणि विद्यार्थीही. तिचं बीपी घ्या, बीपी वाढून येणारे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. ताप, घाण वासाचा स्राव, पाच मिनिटांत एक पॅड भिजणं, पोटरी दुखणं विचारा. गर्भाशय रोज साधारण एक सेंटीमीटर खाली सरकतं आणि दहा-बारा दिवसांत पोटावरून लागेनासं होतं. पोट घट्ट बांधलेलं असेल तर ते सोडून बघा.

८. लहान मुलं, थोडक्यात

६ महिने ते ५ वर्षं: डावा दंडघेर, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, हात लोंबता. ११.५ सेंटीमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. पट्टी आवळू नका. दोन्ही पायांवर दाबून खड्डा पडत असेल तर घेर कितीही असो, तीव्रच.

जुलाब: ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, २४ तासांत संपवायचं. त्या घरात एक लिटर मोजायला काय आहे ते शोधा आणि त्यातच करून दाखवा. अर्धं पाकीट पेल्यात ढवळणं ही नेहमीची चूक. झिंक १४ दिवस: २ ते ६ महिने १० मिलिग्रॅम, त्यापुढे ५ वर्षांपर्यंत २०. जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस.

९. लसीकरणाच्या सत्रावर

व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये (लस थंड ठेवून न्यायच्या डब्यात) चार आइसपॅक, तेही फ्रीझरमधून थेट नाही. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवा. गोठलेल्या पॅकला चिकटून पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची), टीडी (धनुर्वात-घटसर्प), हिपॅटायटिस बी, पीसीव्ही (न्यूमोनिया) किंवा आयपीव्ही (टोचायची पोलिओ लस) गोठली की निकामी होते आणि बाहेरून ते चटकन ओळखू येत नाही.

बीसीजी (क्षय) आणि एमआर (गोवर-रुबेला) त्यांच्यासोबतचं द्रव मिसळल्यापासून चार तासांत संपवायची, बाटलीवर वेळ लिहायची. त्यांच्यात जंतुरोधक नसतं. जुनी बाटली वापरल्याने बाळं दगावू शकतात. कुपीवरच्या खुणेत आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती लस बाद. पेंटाव्हॅलंट मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात, ढुंगणावर कधीच नाही. लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगा आणि खरंच थांबवा. कार्ड भरून, पुढची तारीख बोलून दाखवूनच आईला सोडा.

१०. रेफर करताना

‘दवाखान्यात जा’ हे रेफरल नाही. चिठ्ठीवर लिहा: आठवडे, आकडे, वेळ, काय दिलं, कुणी पाठवलं. गाडीसाठी १०८, गरोदर बाई आणि बाळासाठी १०२. पाड्यापर्यंत गाडी येत नसेल तर ती कुठल्या फाट्यावर थांबेल आणि बाईला तिथवर कोण आणेल, हे ठरवूनच फोन ठेवा. पुढचं केंद्र कुठलं (आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय की थेट नाशिकचं सिव्हिल) हे तुम्ही ठरवायचं नाही, सेविका किंवा डॉक्टर ठरवतील. माता बाल संरक्षण कार्ड आणि आधार कार्ड सोबत द्या. दुसऱ्या दिवशी ती पोहोचली का, ते विचारा.

११. फॅमिली फोल्डर भरताना

नोंद त्या घरातून बाहेर पडण्याआधी करा. संध्याकाळी होस्टेलवर बसून भरलेल्या फोल्डरमध्ये सगळ्यांची नाडी ७२ आणि श्वास १८ असतो. पर्यवेक्षकांना ते पहिल्या पानावर कळतं. जे मोजलं नाही तिथे ‘मोजलं नाही’ आणि कारण लिहा. नियोजनाच्या रकान्यात ‘आरोग्य शिक्षण दिले’ एवढंच लिहू नका. काय सांगितलं, कुणाला सांगितलं, त्यांनी करून दाखवलं का आणि पुढच्या भेटीला काय तपासायचं, ते लिहा. लोकांच्या घराचे, बाळांचे फोटो काढून ग्रुपवर टाकणं पूर्णपणे बंद. एखाद्या घरात टीबी किंवा एचआयव्ही असेल तर ती नोंद फोल्डरच्या वरच्या पानावर नको, आणि शेजारच्या घरात तिचा उल्लेखही नको.